कोकमी दांडीचा कीबोर्ड

गुरुप्रसादांच्या पत्राला जानूकाका मोहित्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा पागोळ्या गळत होत्या. मग गणपती आले आणि गेले, दिवाळीचे कंदील उतरले, आणि पत्र होतं तिथेच राहिलं. अगदी तिथेच असंही नाही. काका ते हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घालत, आणि पुस्तक संपलं की दुसऱ्यात हलवत. तेवढ्या काळात त्या पत्राचं जेवढं वाचन झालं, तेवढं पुष्कळ प्राध्यापकांचं होत नाही.

पत्रात प्रश्न एकच होता. "काका, तुम्ही पाठवलेल्या कीबोर्डातले स्विच कोणत्या प्रकारचे? दांडी गुलाबी, आवाज नाही, वास मात्र ओळखीचा. तुमच्यासारख्या जाणकारानेच सांगावं."

सगळी पंचाईत त्या 'जाणकार' शब्दाने केली होती. काकांनी रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून उभी नोकरी काढली, आणि त्या काळात त्यांच्या कामाबद्दल साहेबलोक एवढंच बोलले, की "मोहिते, तिसऱ्या ओळीत चूक आहे." बहुतेक वेळा ती चूक साहेबांचीच असे. पण काका "बहुधा माझीच असेल" म्हणून पान पुन्हा टंकत.

निवृत्त झाल्यावर कचेरीने जुने कीबोर्ड भंगारात काढले, तेव्हा त्यांतले काही काकांनी मागून घरी आणले. पुढे भंगारवाल्यालाही ते गिऱ्हाईक ठाऊक झालं. जुन्या जड कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. बटणाची टोपी उपटली की आत त्याची रंगीत दांडी दिसते, आणि रंग, आवाज व बोटाला लागणारी ठेच यांवरून स्विचचा प्रकार ओळखायचा. काकांनी आपल्या सोयीसाठी कचेरीतलीच वर्गवारी लावली होती. काही स्विच काम करताना मोठा आवाज करतात. काही मध्येच अडतात आणि जोर लावला की पुढे सरकतात. काही मुकाट्याने खाली जातात. शेवटच्या प्रकाराशी काकांचं विशेष जमे.

अशा छंदिष्टांचा 'जुनी बटणं' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे काका क्वचित लिहीत, आणि जे लिहीत ते असं: "बहुधा पांढऱ्या दांडीचा असावा. चुकत असेन तर क्षमस्व." इतर मंडळी एकमेकांना मूर्ख ठरवण्यात इतकी गुंतलेली असत, की क्षमा मागणारा माणूस त्यांना आपोआप थोर वाटला. पुण्याच्या गुरुप्रसादांनी तर फोटो पाहून काकांचा एक कीबोर्ड मागूनच घेतला. टकटक वाजणारा, पांढऱ्या दांड्यांचा. काकांनी शब्द दिला, "साफ करून पाठवतो."

साफ करणं नडलं.

खाऱ्या हवेने स्विच धरले होते. काकांनी सगळ्या दांड्या सुट्या केल्या, धुतल्या, आणि अंगणात सुपात वाळत घातल्या. मे महिना होता. त्याच अंगणात काकांच्या पत्नी कमलाकाकूंची आमसुलं वाळत होती. आमसुलांना कोकमाच्या रसाचं पूट द्यायचं, वाळवायचं, पुन्हा पूट द्यायचं, असा तो कारभार.

दोन दिवसांनी अंगणातून हाक आली.

"ओ, ऐकलात काय? हे काय माझ्या सालांत?"

"दांड्या आहेत. कीबोर्डाच्या."

"अगो बाई! मी परवापास्नं पूट देत्ये त्यांना! म्हटलं, यंदा सालं अशी टणक कशी?"

"अगं, पण सूप वेगळं होतं."

"वारा सुटला तवा मीच एकात केलं सगळं."

"चष्मा कुठाय तुझा?"

"तुमच्या पुस्तकात! खूण म्हणून घातलात ना तुमीच!"

काकांनी दांड्या वेचून काढल्या. दांड्या जुन्या, पिवळट. त्यांनी रस मन लावून प्यायला होता. धुतल्या, घासल्या, तरी त्या नव्या नवरीच्या टाचांसारख्या गुलाबी त्या गुलाबीच. परत बसवल्या तर अडायला लागल्या. मग काकांनी कोकणातल्या माणसाला सुचतो तो एकमेव उपाय केला, घरच्या घाण्याचं खोबरेल सोडलं. दार करकरलं, गुडघा दुखला, केस गळले, सगळ्यावर तेच. अडणं थांबलं. टकटकही थांबली. बोलका कीबोर्ड मुका झाला.

"आता?" काकूंनी विचारलं.

"शब्द दिलाय. पाठवायला तर हवा."

"मग कळवा त्यांना, असं असं झालं म्हणून."

"कळवतो," काका म्हणाले. कीबोर्ड गेला, आणि कळवायचं राहिलं. त्यावर गुरुप्रसादांचं ते पत्र आलं, 'जाणकार' शब्दासकट. आता खरं लिहिलं, तर आयुष्यात पहिल्यांदा भेटलेला तो शब्द परत जाणार. खोटं लिहायला लागणारा आत्मविश्वास काकांकडे नव्हता. ते गप्प बसले.

गुरुप्रसादांनी तोच प्रश्न, गुलाबी दांडीच्या फोटोसकट, ग्रुपवरही टाकला होता. काकांच्या गप्प बसण्याचा ग्रुपने अभ्यास सुरू केला. ठाण्याचा नितेश अशा अभ्यासांचा म्होरक्या. त्याने एका परदेशी यादीत गुलाबी दांडी शोधून काढली: सामन माशाच्या रंगाची, अतिदुर्मिळ.

"सामन म्हणजे काय ओ?" काकूंनी विचारलं.

"विलायती रावस म्हण."

"मग रावसाची दांडी म्हणून सांगा की. रस्सा पण मागतील मेले."

"काका बोलत नाहीत, याचा अर्थ काका बोलू शकत नाहीत," असं नितेशने लिहिलं. हे खरंच होतं, पण त्याला म्हणायचं होतं ते निराळं. सरकारी कचेरी, गुप्त कामकाज, समुद्रकिनारा, असं जुळवत त्याने तो कीबोर्ड आरमारापर्यंत नेऊन पोचवला. नाशिकच्या एकाने तर आपल्याकडेही तसाच एक होता, पण धाकट्या भावाने हरवला, असं जाहीर केलं.

डिसेंबरात कळस झाला. पुण्यात थंडी पडली आणि गुरुप्रसादांच्या कीबोर्डची बटणं सकाळी दबेनाशी झाली. ऊन वर आलं की पुन्हा लोण्यासारखी चालत. खोबरेल थंडीत गोठतं हे पुण्यात दर सकाळी न्हाणीघरात बाटली उलटी धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण ज्ञानी माणसं न्हाणीघरातलं ज्ञान बाहेर आणत नाहीत. 'थंडीत आपोआप कुलूपबंद होणारा स्विच!' नितेशने लिहिलं. जानेवारीत पुण्यात प्रदर्शन ठरलं. गुरुप्रसादांचं व्याख्यान, आणि त्यानंतर एक परदेशी तज्ज्ञ पडद्यावरून बघत असताना सर्वांसमोर स्विच उघडायचा.

"आणि काकांचं उत्तर आलंच," गुरुप्रसादांनी ग्रुपवर लिहिलं, "तर ते प्रदर्शनाच्या पत्त्यावर येऊ दे. मी ते न उघडता मंचावर देईन, नितेशने वाचून दाखवावं!"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "कमल, तो स्विच उघडला की आतून खोबरेल गळणार. चारचौघांत त्या भल्या माणसाचं हसं होणार. माझ्यापायी!"

"मग लिवा की आता तरी. तो तुमाला जाणकार म्हणाला, तुमी त्याला तोंडघशी पाडणार काय?"

काकांनी दुपारभर कागद फाडले. शेवटी एक उरला. "दांडीचा रंग कोकमाचा आहे. आत आमच्या घरचं खोबरेल आहे. चूक माझी आहे, गुरुप्रसादांना मी सांगितलं नाही." पुन्हा वाचताना काका दचकले. त्यात एकही 'बहुधा' नव्हता. पुराव्यादाखल, जादा म्हणून उरलेली एक गुलाबी दांडी त्यांनी पाकिटात टाकली, आणि ग्रुपवर लिहिलं, "उत्तर आज टाकतो."

नाचणे गावाच्या रस्त्यावरच्या लाल टपालपेटीपाशी काकू आणि ते पोचतात न पोचतात तोच फोन वाजला.

"काका, गुरुप्रसाद बोलतोय. टाकलं नाहीत ना? टाकू नका!"

"अहो, पण त्यात मी खरं लिहिलंय. ते कोकम..."

"कोकम आणि खोबरेल! माहितीय मला! माझं आजोळ कोकणातलंच, हेदवीचं. पार्सल उघडलं तेव्हाच घमघमाट सुटला. म्हटलं, काकांची जरा गंमत करावी. म्हणून तर लिहिलं ना, वास ओळखीचा म्हणून! तुम्ही हसून एक ओळ लिहिली असतीत तर तिथेच संपलं असतं."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

"तुम्ही गप्प. तेवढ्यात नितेश मला शोधक म्हणायला लागला. आता शोधक व्हायला कोण नको म्हणतं, काका? उघडायचा स्विच मी बदलून ठेवलाय, कोरडा. पत्राचं काय, तुम्ही कधी लिहीत नाही, म्हणून बिनधास्त बोलून गेलो!"

"म्हणजे ते जाणकार... तेही गमतीतच?"

"हो. म्हणजे नाही. अगदी तसं नाही काका. तुम्ही आधी सांगा, टाकलंत का?"

पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलेलं होतं. जो 'जाणकार' शब्द गमावण्याची भीती होती, तो मुळात मिळालेलाच नव्हता, असं काकांच्या लक्षात आलं, आणि त्यांना एकाएकी हलकं वाटलं. बाजूला भाजीची पिशवी घेतलेल्या काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काका? खरं सांगा हं. टाकलंत?"

"बहुधा," काका म्हणाले आणि त्यांनी बोटं सोडली.

पेटी रिकामीच असावी. आत पत्र्यावर दांडी आपटली, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज आला. टक.