आधी पोचलेला पाय

कोणतीही वस्तू दारात येण्यापूर्वी तिची माहिती घरात आलेली असावी, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण आहे. एक पाहुणा न सांगता आला तरी घरात धांदल उडते. मग सहा हजार पेट्या न सांगता आल्या तर कस्टम्स खात्याचं काय होत असेल, याचा विचार सहसा कोणी करत नाही. खात्याने तो केला आणि नियम काढला : जहाज बंदराला लागण्याच्या किमान चोवीस तास आधी आतल्या मालाची माहिती संगणकावरून खात्याकडे पोचली पाहिजे. माहिती आधी, माल मागाहून. नियम इतका शहाणपणाचा होता की पहिली दोन वर्षं त्यात कोणालाच खोट काढता आली नाही.

या नियमाचं ज्यांनी सोनं केलं, त्यांत लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणारे क्लिअरिंग एजंट आधीचराव सर्वांत पुढे होते. (हे त्यांचं खरं नाव नव्हे. कोणी काहीही विचारलं की "ते आधीच भरलंय" असं सांगायची त्यांना सवय होती, म्हणून बंदरावर हे नाव पडलं. पुढे बायकोलाही तेच सोयीचं वाटू लागलं.) इतर एजंट चोवीस तास आधी माहिती भरत; आधीचराव आधी चार दिवस आणि मग दहा दिवस अगोदर भरू लागले. खात्याने 'तत्परता गुण' सुरू केल्यावर तर ऑर्डर पक्की होण्याचीही वाट बघायचं त्यांनी सोडलं. गुणवान एजंटाचा माल तपासणीशिवाय सुटे, त्यामुळे गिऱ्हाईकं खूश होती. तीन वर्षं ते यादीत पहिले होते आणि ती यादी त्यांच्या ऑफिसात पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलेली होती, म्हणजे तहानलेल्या प्रत्येकाला ती वाचावीच लागे.

त्यांचे सासरे याच बंदरावर क्रेन चालवत. साखरेच्या आजाराने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि ते लेकीकडे राहायला आले. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. चौदा महिने ते खाली उतरले नव्हते. खिडकीतून समोरचं न्हाव्याचं दुकान दिसे. त्यांच्या बरोबरीचे चार म्हातारे दाढी वाढलेली नसतानाही तिथल्या बाकावर रोज बसत. आपण जाऊन त्यांच्यात पाचवे म्हणून बसावं, एवढीच सासऱ्यांची इच्छा होती. परदेशातल्या एका कारखान्यात मापाबरहुकूम पाय बनतो असं कळल्यावर लेकीने तो मागवायचं ठरवलं. "नवरा कस्टम्सचा एजंट असून पाय अडकला, तर माझं नाक कापलं जाईल," असं तिने नवऱ्याला बजावलं.

आधीचराव त्याच दुपारी कामाला लागले. माप घ्यायला माणूस दहा दिवसांनी येणार होता. परंतु तेवढ्यासाठी माहिती अडवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी भरलं : कृत्रिम पाय, डावा, नग एक, वजन अंदाजे दोन किलो, स्थिती उत्तम. जहाजाच्या रकान्यात त्यांनी पुढच्या आठवड्यात येणारं पहिलं जहाज टाकलं, कारण रकाना रिकामा सोडला तर गुण जातात.

माहिती निर्दोष असल्यामुळे संगणकाने हिरवा शेरा दिला. (हिरव्या शेऱ्याच्या मालाला कोणी हात लावत नाही. त्यामुळे तो मुळात तिथे नाही, हेही कोणाच्या लक्षात येत नाही.) जहाज लागलं, पाय उतरला असं धरलं गेलं आणि दुपारपर्यंत तो सुटलासुद्धा. तेव्हा कारखान्यात त्याचा साचाही तयार नव्हता. मग खात्याकडून सासऱ्यांच्या नावाने विचारणा आली : माल मिळाला का? अनुभव कसा होता? अशा विचारणा आधीचराव गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःच उरकत, उगाच कोणाला त्रास नको म्हणून. त्यांनी 'मिळाला' दाबलं आणि अनुभवाच्या जागी लिहिलं, 'चालायला छान.'

अकरा आठवड्यांनी पाय आला.

चार नंबरच्या शेडमध्ये नवरा-बायको गेले तेव्हा लांबट खोका फळीवर होता आणि त्यावर सासऱ्यांचं नाव होतं. अधिकारी सज्जन होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या आणि मगच नकार दिला.

"अहो साहेब, खोका समोर दिसतोय," बायको म्हणाली.

"दिसतोय, ताई, पण आलेला नाही. आलेला पाय अकरा आठवड्यांपूर्वीच तुमच्या वडिलांना मिळाला. चालायला छान आहे, असं त्यांनी कळवलंयसुद्धा."

"माझ्या वडिलांनी?"

आधीचराव बाहेरची क्रेन निरखून पाहू लागले.

अधिकाऱ्याने मार्ग तीन सांगितले. एक, हा दुसरा पाय म्हणून दाखवावा. मात्र एका माणसाला दोन डावे पाय कशाला लागतात याचा खुलासा जोडावा, आणि एकाहून जास्त पाय असल्यास तो विक्रीचा माल धरला जाईल याची तयारी ठेवावी. दोन, खोका परत पाठवावा, नव्याने माहिती भरावी आणि तो पुन्हा मागवावा; साडेचार महिने. तीन, माल नसताना माहिती भरली आणि मिळालेला नसताना मिळाला असं लिहिलं, अशा कबुलीवर एजंटाने सही करावी. मग खोका संध्याकाळी घरी जाईल. फक्त तत्परता गुण शून्य होतील आणि येत्या शुक्रवारी खात्याच्या समारंभात पहिल्या एजंटाला मिळणारी मानाची ढाल दुसऱ्या कोणाला जाईल.

"मग करा की सही," बायको म्हणाली.

आधीचरावांनी तो कागद दोनदा वाचला. (यापूर्वी कोणताही कागद त्यांनी एकदासुद्धा वाचल्याची नोंद नाही.) पेन उघडलं, परत मिटलं.

"साडेचार महिने म्हणजे काही फार नाही," ते म्हणाले. "चौदाच्या वर काढलेच ना त्यांनी."

परतताना बायको बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसली. घरी सासऱ्यांना सगळं तिनेच सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"चालायला छान आहे ना, जावईबापू?" ते म्हणाले. "मग झालं तर." आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. आधीचरावांना त्या क्षणी फार वाईट वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. ढालीसाठी भिंतीत खिळा मात्र त्यांनी आधीच ठोकलेला होता.

समारंभ उत्तम झाला. खात्याने वर्षाचा अहवाल वाचून दाखवला : ९८.६ टक्के माहिती वेळेत आली. उरलेल्या दिरंगाईची कारणं तपासली असता प्रत्येक प्रकरणात एकच घटक समान आढळला, तो म्हणजे माल. माहिती कुठेही अडकली नव्हती. तेव्हा मालाचं प्रमाण कमी करता येईल का, हे पाहण्यासाठी समिती नेमण्यात आली असून आधीचराव तिचे सदस्य आहेत. खोका समुद्रात आहे. सासरे तिसऱ्या मजल्यावर आहेत.

आता वाचकांबाबत. तिसऱ्या परिच्छेदात आपल्याला त्या म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटलं, ती माहिती वेळेत पोचली, आभारी आहोत. आपल्याही जिन्यात वरच्या मजल्यावर असं कोणीतरी राहतं आणि एखाद्या रविवारी त्यांना हाताला धरून खाली न्यायचं आपण मनाशी ठरवलं होतं, हीसुद्धा नोंद आमच्याकडे आहे. सबब आपण त्यांना खाली नेलं असं धरण्यात आलं आहे. आता प्रत्यक्ष जाऊन त्यांच्या दाराची बेल वाजवायचं काही कारण उरलेलं नाही.