फोन लाव की!

आमच्या गल्लीतले अण्णा चौगुले कोणतीही वस्तू डोळे मिटून घेतात. हा वाक्प्रचार नाही. मी शाळेत मराठी शिकवतो, वाक्प्रचार कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो एवढं मला कळतं. अण्णा खरोखरच दुकानात उभं राहून दोन्ही डोळे घट्ट मिटतात, वस्तू कानाशी नेतात आणि ती काहीतरी बोलेपर्यंत हलत नाहीत. कलिंगड आणि नारळ सगळेच वाजवून घेतात. अण्णांनी कुकर, छत्री आणि एकदा तर लोखंडी कपाटसुद्धा असंच घेतलं. कपाटाच्या दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक दाराला टेकून झोपलं.

याला कारण त्यांचा धंदा. उद्यमनगरात चाळीस वर्षं अण्णांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, चक्कीतल्या, जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. अण्णा मोटार चालू करून तिच्यापाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेरिंग गेलंय." गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं की ओरडायचे, "बघू नगा, ऐका! डोळा फसवतोय, कान न्हाय." आता दुकान मुलगा बघतो. अण्णा घरी असतात, म्हणजे आमच्यावर असतात.

तर या अण्णांनी गेल्या दिवाळीनंतर कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "फोन बदलायचाय. कुठला घिऊ?"

कोल्हापुरात असा प्रश्न चारचौघांत विचारू नये. रस्ता विचारला तर माणसं घरापर्यंत आणून सोडतात आणि सल्ला विचारला तर घरात येऊन बसतात. पंधरा दिवसांत गल्लीचे दोन तट पडले. अँड्रॉइडवाल्यांचा पुढारी मी, कारण माझा फोन तीनदा पाण्यात पडूनही चालू होता. आयफोनवाल्यांची पुढारी समोरच्या घरातली रेश्मा मुजावर. रेश्मा बँकेत आहे, आणि बँकेतलं माणूस जे बोलतं ते लोकांना उगाचच खरं वाटतं.

रेश्मानं आपल्या फोनवर काढलेला रंकाळ्याचा फोटो अण्णांपुढे धरला. अण्णांनी डोळे मिटले.

"अण्णा, फोटो डोळं उघडून बघायचा असतोय!"

"फोटू ऱ्हाऊ दे बाजूला. ह्यो बोलतोय कसा ते सांग."

मी मेमरी, बॅटरी, किंमत असा सगळा मुद्देसूद पाढा वाचला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, बटणं कुठल्या बाजूला हाईत?" मला सांगता येईना. सात वर्षं फोन वापरून माझ्या फोनची बटणं कुठल्या बाजूला आहेत हे मला खिशातून काढून बघावं लागलं.

मग राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी दोन्ही जातींचे फोन काचेवर मांडले. अण्णांनी एक उचलला, डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. "आता उलटा द्या," म्हणाले. ताईंनी उलटा दिला. "आता आडवा द्या." आडवा दिला. असं दहा-बारा वेळा झालं. बिचारीला वाटलं, आजोबांना चक्कर येतेय. तिनं पाणी आणलं, खुर्ची आणली. अण्णा पाणी प्यायले, खुर्चीत बसले आणि दुसरा फोन मागितला. मी त्या वेळी दारात उभा राहून रस्त्यावरच्या रिक्षा मोजत होतो, म्हणजे आपण यांच्यासोबत आलोय हे कळू नये.

फोन काही घेतला नाही. उलट येताना म्हणाले, "एक रविवार तुमचा फोन माझ्यापाशी ठेवा. नांदवून बघतो."

सोमवारी सकाळी शाळेला निघताना फोन परत मिळाला, तो मी तसाच खिशात टाकला. त्या दिवशी शाळेत मीटिंग होती. आमच्या मुख्याध्यापिका उत्तरपत्रिकांबद्दल बोलत होत्या आणि माझ्या खिशातून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "मीटिंग कधी संपणार? भूक लागली." तो चित्रकलेच्या सरांचा मेसेज होता. मी घाईनं फोन काढला, तर जिथे बोट लागेल तिथलं त्या बाई वाचायला लागल्या. मी हवामान ऐकवलं, बॅटरी ऐकवली, मेव्हण्यानं पाठवलेला विनोद ऐकवला. स्टाफरूममध्ये एवढं मन लावून माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी तणतणत अण्णांच्या घरी गेलो. अण्णांनी फोन हातात घेतला, डोळे मिटले, आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली आणि बाई गप्प झाल्या.

"तुम्हाला हे कसं येतं?" मी विचारलं.

"आलं," अण्णा म्हणाले आणि चहा टाकायला सांगायच्या निमित्तानं आत गेले. तेव्हाच मला विचार करायला हवा होता. पण मी रागावलो होतो, आणि रागावलेल्या माणसाला समोरचं काही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात रेश्माचा फोन बँकेच्या काउंटरवर बोलला तेव्हा तर मी खूश झालो.

मग सुरू झालं ते 'की'चं प्रकरण. आजकाल फोनला तोंडी हुकूम देता येतो. अण्णांनी टपरीवर सगळ्यांसमोर माझा फोन तोंडाशी धरला आणि विहिरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "शालनला फोन लाव की!" शालनवहिनी म्हणजे त्यांची बायको.

फोन नम्रपणे म्हणाला, "माफ करा, लावकी नावाचं कुणी सापडलं नाही."

"लावकी कोण? मी शालन म्हणतोय न्हवं!"

"अण्णा, शेवटचा 'की' काढा," मी म्हणालो.

"की काढू?" अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "की काढल्यावर ऱ्हातंय काय मास्तर? नुसतं 'लाव' म्हणलं की हुकूम झाला. 'लाव की' म्हणलं की घरचं झालं. ह्यो फोन पुण्याचा दिसतोय."

सव्वीस वर्षं मी पोरांच्या निबंधांतला हा 'की' लाल पेनानं खोडत आलोय. 'येतो की', 'बस की', 'खा की'. तो तिथं कशासाठी असतो, हे त्या दिवशी टपरीवर मला एका वायंडिंगवाल्यानं समजावलं. मी अर्थातच तसं कबूल केलं नाही.

रेश्माच्या फोनची तऱ्हा वेगळी. "अण्णा, ह्याला हुकूम इंग्रजीतनं द्यायला लागतोय," ती म्हणाली. "पण मराठी वाचतोय बघा किती ग्वाड."

"वाचतोय झ्याक," अण्णांनी मान्य केलं. "पन ज्याला इंग्रजी येत न्हाय, त्यानं काय करायचं गं पोरी?"

"तुम्ही शिका की!"

अण्णा हसले नाहीत. असे तीन महिने गेले. गल्ली कंटाळली. एकदा मीही तोल सोडला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "अण्णा, फोन घ्यायचाय, विहिरीत मोटार नाही सोडायची! घेताय की नुसतीच आमची करमणूक करताय?" अण्णा चहा अर्धा ठेवून उठून गेले. चौगुल्यांच्या अण्णांनी चहा अर्धा सोडला असं यापूर्वी घडलेलं नव्हतं. टपरीवरचा चहा मला त्या दिवशी गोड लागला नाही.

दोन दिवसांनी दुपारी ते माझ्या दारात उभे. हातात दोन खोके, दोन्ही अगदी सारखे. दोन्ही अँड्रॉइड. मी जिंकलो होतो. पण अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून रेश्माला हाक मारायचं राहून गेलं.

"मास्तर, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं खातं. ह्या फोनात नावं घालून द्या." त्यांनी एक फोन पुढे केला. "लिवा. तम्मा. नंबर माझाच."

मी लिहिलं.

"आता लिवा, तम्मा लावकी. सगळं जोडून. नंबर त्योच."

"अण्णा, हे व्याकरणात—"

"लिवा की!"

मी लिहिलं. मग 'आमचा तम्मा', 'आमचा तम्मा लावकी', 'तम्माण्णा', 'धाकटा', प्रत्येकाची एकेक 'लावकी'वाली जोडी. एकाच नंबराला आठ नावं झाली. नववं नाव सांगायच्या आधी अण्णांनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

"लिवा, मेल्या लावकी."

मी फोन खाली ठेवला. "आता मात्र सांगा. हा तम्मा कोण?"

"मी," अण्णा म्हणाले.

माझा विश्वास बसेना. शाळकरी पोरापासून माझ्यापर्यंत अख्खी गल्ली या माणसाला अण्णा म्हणते. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आणि तम्मा म्हणजे धाकटा. गडहिंग्लजच्या बाजूला कानडी जवळ, तिकडचा शब्द.

"माझी आक्का हाय गडहिंग्लजला. ती म्हणती तम्मा. आता तेवढी एकटीच म्हणती." अण्णांचा आवाज इतका खाली गेला की मीच पुढे वाकलो. "आई गेली तवा मी दीड वर्साचा. आक्का नऊ वर्साची. मला काखंत घेऊन शाळंत जायची. मास्तर म्हणालं, एक तर पोरगं ठेव न्हाय तर पाटी ठेव. तिनं पाटी ठेवली."

 मास्तर या शब्दाची मला तेवढ्यापुरती लाज वाटली.

आक्का आता एकटी राहते. डोळ्यांची शीर सुकत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. अण्णा तिला आणायला गेले, तर म्हणाली, "माझ्या घरात मला डोळं लागत न्हाईत. भिताडं वळखीची हाईत." आली नाही. वर बजावलं, कुणाला सांगू नकोस, लोक कीव करतात.

"पन फोन तिला दिसंना. शेजारची बाई लावून द्यायची. सारखं कुणाला सांगायचं म्हणून आक्कानं फोनच सोडला. मी करतोय रोज. ती बोलती बी. पन मास्तर, दिवाळीपास्नं तिचा आपणहून फोन आला न्हाय." अण्णांनी दुसऱ्या खोक्यावर हात ठेवला. "म्हणून दोन सारखं घेतलं. तिच्या हातात जो, त्योच माझ्या हातात. कुठं अडली तर सांगता आलं पायजे. मी डोळं मिटलं की मला तिचा फोन दिसतोय."

तीन महिने आम्ही ज्याला हसत होतो, तो माणूस आंधळेपणाचा सराव करत होता. आमच्या फोनांत बोलणाऱ्या त्या बाई न दिसणाऱ्यांसाठीच असतात, आणि त्या अण्णांनीच चालू करून बघितल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि मी ते त्यांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ दे. मेल्या नीट लिवलंय का बघा. आक्का चिडली की मला त्याच नावानं हाक मारती, आनि 'की' तर तिच्या तोंडातनं जायचा न्हाय."

अण्णा एसटीनं गडहिंग्लजला गेले, चार दिवस राहून आक्काला शिकवून आले. आल्यावर त्यांनी तिला फोन करणंच बंद केलं. "आता तिनंच लावायचा," म्हणाले. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. अण्णा टपरीवर यायचे, नवा फोन मांडीवर ठेवायचे आणि चहा निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. रेश्माला मी सगळं सांगून टाकलं होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, "आपण करून बघूया का आक्कास्नी?" अण्णांनी मान हलवली. "मी केला तर माझा झाला. तिचा कुठं झाला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या परसात होते. माझी पाण्याची मोटार घरघरत होती आणि अण्णा तिच्यापाशी उकिडवे बसून, कोपरापर्यंत काळे होऊन, नेहमीप्रमाणे तिला बोलतं करत होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला. हात ग्रीसचे. मी खिशातून फोन काढला. पडद्यावर 'आक्का'.

"मोटार बंद करा!" अण्णा ओरडले. "आधी मोटार बंद करा!"

मी बटण बंद केलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. धरायची गरज नव्हती. गडहिंग्लजचा आवाज परसभर पसरला.

"तम्मा? लागला की रं!"

"व्हय आक्का."

"तीन दिस झालं, नीट म्हणतीया, तू शिकवल्यागत. तम्माला फोन लाव. की न लावता. त्यो म्हणतोय, तम्मा कोण ते समजलं न्हाय. आज डोस्कं फिरलं माझं. म्हणलं, मेल्या, फोन लाव की! आनि लागला बघ!"

मी मराठीचा मास्तर. त्या क्षणी मला माझ्याच हातानं जोडून लिहिलेल्या त्या 'मेल्या लावकी'चा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्याही शुद्ध शब्दाचा कधी वाटला नव्हता.

"तीन दिस झालं, तू का फोन केला न्हाईस रं?" आक्का कडाडली. "आनि जेवलास का?"

"न्हाय अजून."

"मग जेव की, मेल्या!"

अण्णांनी ग्रीसच्या हातानंच माझ्याकडून फोन घेतला, परसातल्या दगडावर बसले आणि डोळे मिटले. मग आमच्या गल्लीचे थोरले अण्णा कितीतरी वेळ आपल्या आक्काची बोलणी खात बसले.