कवीश्वरांच्या प्रियेचा मुखडा शोधिला त्याची हकीकत

श्री वाग्देवी प्रसन्न असो, आणि रंग ओले असता तसबिरीस बोट लावून पाहणाऱ्यांपासून तीच चिताऱ्यांचे रक्षण करो. पश्चिमसमुद्रापलीकडील एका राज्यातील ही हकीकत, शके पंधराशे बावीस, संवत्सराचे नाव ठाऊक नाही, कारण त्या देशी संवत्सरास नाव ठेवीत नाहीत, माणसांस मात्र ठेवितात. त्या राज्यी पूर्वी एक थोर कवीश्वर होऊन गेले. त्यांनी लहानपणी एक कन्या पाहिली, मग तरुणपणी नदीच्या पुलाशी तीच पुन्हा पाहिली, आणि तिने जाता जाता मान लववून नमस्कार केला, एवढाच काय तो उभयतांचा परिचय. पुढे तिचे लग्न दुसरीकडे जाहले, कवीश्वरांचेही जाहले, मग ती बाई ऐन तारुण्यात वारली, आणि कवीश्वरांनी उरलेला सारा जन्म तिच्यावर कवने करण्यात घालविला आणि तिला नेऊन थेट स्वर्गात बसविली. ऐसे होताच त्या राज्यी जिकडे तिकडे या उभयतांच्या तसबिरी निघाल्या. पूल तोच, नदी तीच, पुलावरून येणारी प्रिया, आणि कोपऱ्याशी छातीवर हात ठेवून उभे कवीश्वर. कवीश्वरांचे नाक सर्व तसबिरींत एकच, कारण ते वारले तेव्हा त्यांच्या तोंडाचा चुन्याचा साचा घेऊन ठेविला होता. प्रियेचा साचा घेण्याचे कोणास सुचले नाही, सबब ती प्रत्येक भिंतीवर निराळी दिसे.

याचे कोणास काही वाटत नव्हते. परंतु एके समयी परराज्याचा वकील आला, त्यास राजवाडा दाखविला, व्यापाऱ्यांचा दिवाणखाना दाखविला, मठही दाखविला, आणि तो भर दरबारात पुसो लागला की, "तुमच्या कवीश्वरांस प्रिया तरी किती होत्या? एक गोरी पाहिली, एक सावळी पाहिली, एकीस तर दुहेरी हनुवटी होती." महाराज बहुत संतापले आणि दरबारचे वडील चितारी बाल्दोजी म्हणोन होते त्यांस बोलावून आज्ञा केली की, कवीश्वरांच्या उत्सवाचे आत प्रियेचा खरा मुखडा काढून दरबारात लावावा, आणि खोटा निघाल्यास उजव्या हाताचा अंगठा उतरवावा. बाल्दोजी हात जोडून म्हणाले, "महाराज, तिला पाहिलेले कोणी उरले नाही. खरा कोणता हे ठरवावे कोणी?" महाराज म्हणाले, "खरा कोणता ते आम्हांस ठाऊक नाही. खोटा मात्र पाहताक्षणी ओळखू."

बाल्दोजी घरी येऊन बसतात तोच थोरल्या राणीसाहेबांचा निरोप आला की, प्रिया अंगाने भरलेली व गोरीपान होती ऐसे आम्ही ऐकतो. तो निरोप्या दारातून बाहेर पडतो आहे तो धाकट्या राणीसाहेबांकडील दासी आत आली की, प्रिया सडपातळ होती हे आमच्या माहेरी लहान पोरासही ठाऊक आहे. बाल्दोजींनी दोघांसही मान डोलाविली आणि कपाळास हात लाविला. अंगठा महाराजांकडे गहाण, आणि उरलेला चितारी दोन राण्यांच्या मध्ये, ऐसा प्रसंग.

ऐशियास त्या देशीच्या चिताऱ्यांची चाल सांगितली पाहिजे. जुन्या तसबिरीवर पातळ कागद ठेवावा, रेघेरेघेने सुईने टोचून घ्यावा, मग तो नव्या भिंतीवर लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापटावी, म्हणजे ठिपके उमटतात, आणि ठिपके जोडीत गेले की चित्र उभे राहते. त्यास खाका म्हणतात. बापाने लेकास खाका द्यावा, लेकाने नातवास द्यावा, ऐसे चालत आले होते. फक्त प्रियेच्या तोंडाची जागा टोचीत नसत, कोरी ठेवीत, कारण तसबीर जो काढावयास सांगेल त्याच्या घरच्या बाईचे तोंड तेथे घालावे असा शिरस्ता होता. म्हणोन वकिलास दिसलेली दुहेरी हनुवटी ही कोणा व्यापाऱ्याच्या मातोश्रींची होती, हे बाल्दोजी जाणून होते, परंतु दरबारात बोलण्याची सोय नव्हती.

मग बाल्दोजींनी ठरविले की निदान जुने काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. मनात भय होतेच, परंतु जन्मभर जिला रंगविली ती होती तरी कशी, हे कुतूहल भयाहूनही मोठे जाहले. राजवाड्यातील तसबीर पाहिली, व्यापाऱ्यांची पाहिली, मग गावाबाहेरील मठात गेले. तेथे भोजनशाळेच्या भिंतीवर सर्वांत जुनी तसबीर होती, आणि ती ज्या चिताऱ्याने काढिली तो कवीश्वरांच्या शेजारी राहात असे, ही गोष्ट सर्वत्रांस ठाऊक. त्यातही प्रियेचे तोंड मठास देणगी देणाऱ्या सरदाराच्या लेकीचे. बाल्दोजी निराश होऊन निघाले, तो नजर मागे गेली. कवीश्वरांच्या पाठीशी एक घर, घरास खिडकी, आणि खिडकीत एक बाई. रुंद कपाळ, डाव्या भुवईवर लहानसा व्रण, ओठ किंचित उघडे. बाल्दोजी भिंतीशी जाऊन पाहो लागले. हीच बाई राजवाड्यात होती, हीच व्यापाऱ्यांकडे होती, हीच त्यांनी स्वतः ठिपके जोडून जोडून किती वेळा काढिली होती आणि एकदाही पाहिली नव्हती. मधल्या बाईचे तोंड सर्वांनी बदलिले, खिडकीतल्या बाईचे कोणास बदलावेसे वाटले नाही, आणि म्हणोन सुईच्या टोकावरून तेवढेच एक तोंड जसेच्या तसे चालत आले.

बाल्दोजींनी लागलीच मनाशी हिशेब बांधिला. चितारी लोकांची खोड ऐसी की जे मध्ये मांडता येत नाही ते कोपऱ्यात लपवून ठेवावे. ते स्वतः आपले नाव तसबिरीतील सरदारांच्या पायातल्या जोड्याच्या घडीत घालीत. तेव्हा त्या जुन्या चिताऱ्याने सरदाराच्या भयाने लेक मध्ये घातली आणि खरी प्रिया खिडकीत लपविली, हे उघड आहे! मग त्यांनी तेथेच कागद पसरून सारी खिडकी काढून घेतली, आणि घरी न जाता तसेच हुजूर जाऊन सांगितले की, "मुखडा सापडला." महाराज संतोषले आणि शेला दिला. थोरल्या राणीसाहेबांनी पुसले, "धाकटीसारखा आहे काय?" नाही म्हणताच त्या संतोषल्या. धाकट्या राणीसाहेबांनीही तेच उलट पुसले आणि त्याही संतोषल्या.

घरी बाल्दोजींचे कुटुंब तेसाबाई म्हणोन होत्या. त्या राज्यातील यच्चयावत तसबिरींत हात असत ते तेसाबाईंचे. देवीचे हात तेच, राणीचे तेच, प्रियेचेही तेच. बाल्दोजींनी सांगावे आणि बाईंनी चुलीवरचे उतरवून येऊन हात धरून उभे राहावे, ऐसा संसार चालला होता. त्या दिवशी त्यांनी खालून जेवावयास दोन हाका मारल्या, धनी उठेनात, मग हातातला भाजीचा डाव घेऊनच त्या वर आल्या आणि भिंतीवर लाविलेला कागद पाहून म्हणाल्या, "ही कोण?"

बाल्दोजी फुशारून म्हणाले, "ही कवीश्वरांची प्रिया. इतकी वर्षे कोणास दिसली नाही, मला दिसली."

तेसाबाई कागदाशी गेल्या आणि बराच वेळ पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ही कसली प्रिया! ही बायको आहे त्यांची."

"कशावरून?"

"हे पुढ्यात काय काढलंय तुम्ही?"

बाल्दोजींनी पाहिले. खिडकीच्या फळीवर एक उंचवटा होता. राजवाड्यातील चिताऱ्याने त्याची निजलेली मांजर केली होती, व्यापाऱ्यांकडे त्याची उशी जाहली होती. मठात जसे दिसले तसे त्यांनी उतरविले होते, एवढेच. "गाठोडे असेल काही," ते म्हणाले.

"गाठोडं कशाचं? ताट आहे ते, वरून फडकं झाकलंय. कडेला काठ दिसतो बघा. आणि तोंड उघडं आहे ते हाक मारायला. तो बाबा पाठ करून पुलाकडे बघत उभा आहे, आणि ही केव्हाची म्हणतेय, अहो, जेवायला या. मी ओळखते हो हे तोंड. खाली भाजी गार होऊन गेली."

बाल्दोजी उठून पुलाशी गेले. जेथून ती तसबीर काढिली असावी तेथे उभे राहिले, तो समोर कोपऱ्याचे घर, आणि गावात ज्यास त्यास ठाऊक की ते कवीश्वरांचे राहते घर. जन्मभर त्याच वाटेने आले गेले, परंतु तसबिरीतील घर आणि हे घर एक, हे ध्यानात आले नव्हते, कारण खाक्यात घर म्हणजे केवळ मागची भिंत. तेव्हा त्यांस बहुत वाईट वाटले. त्या बाईचे नावही त्यांस ठाऊक नव्हते. कवीश्वरांनी तिजवर एक ओळ लिहिली नव्हती.

परत येऊन ते खाली बसले आणि म्हणाले, "तेसा, मी हुजूर सांगून आलो. आता चुकलो म्हणावे तर अंगठा जातो, आणि हीच प्रिया म्हणोन रंगवावी तर लबाडी होते. काय करावे?"

तेसाबाईंनी ताट वाढिले. म्हणाल्या, "त्या दुसरीला सगळ्यांनी रंगवली. स्वर्गातसुद्धा बसवली. हिला एकदा मधोमध येऊ द्या की. लबाडी कुठं? राजाला खोटं सांगू नका, विचारील तेवढंच सांगा."

बाल्दोजींस ते पटले. मग जेवता जेवता ते बायकोच्या तोंडाकडे पाहो लागले, आणि त्यांस लाजही वाटली आणि प्रेमही आले, आणि म्हणाले, "तुझे हात सगळीकडे आहेत, तोंड कोठेच नाही. खिडकी आता रिकामी होईल. तेथे तुला घालतो."

"मला नका घालू खिडकीत," तेसाबाई म्हणाल्या. "मी नाही कुणाची वाट बघत बसणार तिथं. आणि बघायचंच असेल तर ही इथं बसलेय, बघा."

उत्सवाचे दिवशी दरबार भरला आणि पडदा सारिला. पूल तोच, नदी तीच, कवीश्वरांचे नाक तेच. परंतु पुलावरून रुंद कपाळाची, भुवईवर व्रण असलेली बाई येत होती, ओठ किंचित उघडे, आणि या खेपेस कवीश्वर तिजकडेच पाहात होते. मागे खिडकी उघडी होती आणि तीत कोणी नव्हते. महाराज पुढे जाऊन उभे राहिले. बाल्दोजींनी अंगठा मुठीत घट्ट धरिला. महाराज पुसो लागले, "हा खरा मुखडा काय?"

बाल्दोजी म्हणाले, "महाराज, कवीश्वरांच्या शेजारच्या चिताऱ्याने प्रत्यक्ष पाहून काढिलेले हे तोंड. यात मी एक रेघ पदरची घातली नाही."

महाराजांनी पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "ही काही सांगते आहे ऐसे वाटते." बाल्दोजी म्हणाले, "होय महाराज, फार दिवसांपासून." महाराज किती एक वेळ तेथून हलले नाहीत, आणि अंगठ्याची गोष्ट कोणी काढिली नाही.

येणेप्रमाणे त्या राज्यी प्रियेचा मुखडा कायम जाहला. परराज्यांचे वकील येतात, माना डोलावितात, आणि खिडकी रिकामी का म्हणोन पुसतात, त्याचे उत्तर दरबारात कोणाजवळ नाही. पुढील चिताऱ्यांनी खाका घेतला तो रिकाम्या खिडकीसुद्धा घेतला. हकीकत जाहली तैसी लिहिली, अधिक उणे वाचणारांनी पोटात घालावे. बाल्दोजींचा अंगठा शेवटपर्यंत जागचे जागी राहिला, आणि त्या दिवसापासून खालून पहिली हाक आली की ते ओला कुंचला तसाच टाकून जेवावयास उठत.