डॉ. पेडगावकरांचा तिसरा रकाना

डॉ. पेडगावकर वैद्यकीय नियतकालिकाचा कुठलाही अंक मागून उघडत. लेख, तक्ते, फोटो यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. प्रत्येक लेखाच्या शेवटी, या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय याची बारीक अक्षरांतली यादी असते. तिच्यावरून बोट फिरवायचं, पुढच्या लेखाची यादी गाठायची, असं करत अंक संपला की चष्मा काढून म्हणायचे, "शक येतो बरं का!"

परभणीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी नियतकालिकांच्या टेबलावर होतो. तेव्हा कुणीतरी अंकांतली पानं ब्लेडनं कापून नेत होतं, त्यामुळे मला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा संशय. त्यात हे निवृत्त सरकारी डॉक्टर दर शनिवारी येणार, काही म्हणजे काही वाचणार नाहीत आणि नेमकी शेवटचीच पानं चाळणार. मी सरळ त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागलो. दुसऱ्याच शनिवारी त्यांनी मला दरडावून विचारलं, "तुमाला माझ्यावर कुणी बसवलंय? वरच्या साहेबानं?"

अशी आमची ओळख झाली.

संशय घेण्यात मी स्वतःला तयार समजत होतो, पण डॉक्टरांपुढे मी बालवाडीतला. पाकीट डकवल्यावर ते जोडावर तीन ठिकाणी सही करत. एका शनिवारी नामांतरावरून बंद होता. बस नाही, दुकानं नाहीत, रस्त्यावर पोलीस. हे सायकलवर येऊन कुलूप बघून गेले आणि सोमवारी सकाळी हजर. "नवा अंक आला म्हणून बंद ठिवली न्हवं?"

"डॉक्टर, अख्खा मराठवाडा बंद होता!"

"ते हाय हो. पण लायब्ररी कुणी बंद केली?"



हळूहळू सगळं कळलं. चारठाण्याकडच्या एका दवाखान्यात असताना त्यांनी नारूवर लेख लिहिला होता. नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा निघणारा किडा. बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पाण्यातून व्हायचा. आयुष्यात लेख हा एकच. तो छापून आल्यावर कुठल्या कुठल्या देशांतून 'आपल्या लेखाची प्रत पाठवावी' अशी कार्डं आली. डॉक्टरांनी इमानेइतबारे प्रती पाठवल्या आणि एक वही केली. तिच्यात तीन रकाने: 'मागितला', 'पाठवला' आणि 'नाव घेतलं'. पहिले दोन भरलेले, तिसरा कोरा.

"फुकट मागायलेत, वाचायलेत आन् नाव गिळायलेत," ते म्हणत. पोलंडच्या एका माणसावर तर त्यांचा विशेष डोळा होता, कारण त्याचं कार्ड फार गोड भाषेत आलं होतं. एखाद्या यादीत तीच ती चार नावं दिसली की त्यांचा पारा चढे. "मिलीभगत हाय! यानं त्याचं नाव घ्यायचं, त्यानं याचं. आमी खेड्यातले, आमचं कोण घेतंय?"

पण मला एक गोष्ट खटकत होती. याद्या आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं लावलेल्या. पेडगावकर असलेच तर बरेच खाली असायचे. यांचं बोट मात्र वरच्या चार ओळींतच फिरून परत येई. ब्लेडवाला हाच, असं माझं जवळजवळ ठरलं. शेवटी मी विचारलंच.

डॉक्टरांनी आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "माझं नाव कोण शोधायलंय? मी अवचार शोधायलोय. किसन अवचार. माझा ड्रेसर."

ड्रेसर म्हणजे दवाखान्यात जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. हा किसन काडीवर गुंडाळत गुंडाळत नारू बाहेर काढायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, पाणी कुठल्या बारवेचं? मग त्या गावी चालत जायचा. काही गावांत त्याला बारवेच्या पायऱ्या उतरू देत नसत. तो लांब उभा राहून कोण कोण पाणी भरतंय ते टिपून घ्यायचा.

"सगळं त्याचं. मी नुसतं इंग्रजी केलं," डॉक्टर म्हणाले. "वरचा साहेब म्हणला, ड्रेसरचं नाव काढा, माझं पहिलं टाका. मी किसनचं पहिलं टाकलं, माझं दुसरं, साहेबाचं शेवटी. मग काय, रिटायर होईपर्यंत आडगावंच फिरलो. पण किसनला शब्द दिला होता, तुझं नाव जग घेईल म्हणून. एकानं तरी घ्यावं की हो! आता त्याची नजरबी गेली."

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मीही अंक मागून उघडायला लागलो.

आणि दोनेक वर्षांनी सापडलं. तेही पोलंडवाल्याच्याच लेखात! 'अवचार आणि इतर.' मी पाहिलं आणि भडकलो. "डॉक्टर, तुमचं नाव खाल्लं की यानं!"

"तशी रीतच हाय," डॉक्टर टेबलावर थाप मारत हसले. "तीन नावं असली की पहिलं ठिवायचं, बाकीचे इतर. मी गेलो, पण साहेबालाबी घेऊन गेलो!" मग ती ओळ मीच तर छापून घेतली नाही ना, म्हणून त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं, आणि तिसऱ्या रकान्यात पहिली खूण केली.

रविवारी त्या पानाची झेरॉक्स घेऊन आम्ही दोघं किसनच्या गावी, वालूरला गेलो. किसन अवचार बाजेवर बसले होते. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. किसनरावांनी मान हलवली. "साहेब, खरं वाचायलाव का माझ्यासाठी मनानं लावायलाव?"

डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला. "हे लायब्ररीतले हायेत. यांना वाचू दे."

मी वाचलं, "अवचार." किसनरावांनी हात पुढे केला, कागद चाचपला, आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. मग म्हणाले, "आन् आमच्या साहेबाचं? ते बी वाचा की."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे बघितलं आणि वाचलं, "अवचार आणि पेडगावकर."

"आसं पायजे," किसनराव म्हणाले. "माझं एकल्याचंच आसतं तर मी खरं मानलं नसतं."

कागदावर आपलं नाव नाही हे डॉक्टरांना पाठ होतं. दुसऱ्यानं वाचलेलं एक अक्षरही तपासल्याशिवाय न मानणाऱ्या त्या माणसानं माझ्या हातून कागद घेतला, न बघताच त्याची घडी घातली आणि किसनरावांच्या खिशात ठेवली. डॉक्टर बाजेवर त्यांच्या शेजारी बसले आणि दोघं नारूच्या गोष्टी बोलायला लागले.