बिजागरीची खंडेनवमी

"दाराचं काय घेऊन बसलीस? उद्या ते असं लागेल, असं लागेल, की नुसती टिचकी मारली तरी खट्!"

भगवंतानं टिचकी वाजवूनही दाखवली. ती इतकी जोरात वाजली की झोळीतली उषा दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

नर्मदेनं झोळीला झोका दिला आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले. नवरा 'असं होईल, असं होईल' म्हणाला की पुढं काय होतं, हे तिला संसाराच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं. 'मोरी अशी वाहील' म्हणाला होता, तेव्हा मोरी खरंच वाहिली. थेट शेजारच्या खोलीत!

भगवंत तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर भांडारात कारकून होता. दिवसभर नट-बोल्ट मोजून देता देता आपण इंजिनियर झालो, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. त्यातच एक कंत्राटदार काम संपवून गावी गेला आणि जाता जाता आपली म्हातारी मॉरिस मोटार ह्याच्या गळ्यात बांधून गेला. "घेऊन जा बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल," असं म्हणून!

मोटारीला दारं दोनच. उजवीकडचं दार कंत्राटदारानं कधीच वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं. राहता राहिलं डावीकडचं. सगळ्यांनी तिथूनच आत शिरायचं, आणि चालवणाऱ्यानं सीटवरून घसरत घसरत पलीकडं जायचं. पण ह्या दाराच्या बिजागऱ्यांतल्या पिना झिजून झिजून पार उदबत्तीच्या काडीएवढ्या झाल्या होत्या. त्यामुळं दार दमलेल्या म्हशीसारखं खाली बसायचं. लावायचं तर गुडघ्यानं वर उचलायचं, खांद्यानं रेटायचं, आणि एवढं करूनही खड्डा आला की ते आपलं आपण उघडून रस्ता बघायला लागायचं!

अशा दाराशेजारी पाच महिन्यांचं लेकरू घेऊन कोण बसणार? पण बसायचं तर होतं. उद्या नर्मदेची आई पालघरवरून जाणार होती.

नर्मदेचं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते झालंच नाही. नेमक्या त्याच दिवसांत आई, रखमाबाई, साताऱ्याला पाय मोडून प्लास्टरमध्ये पडली होती. उषा बोईसरलाच झाली आणि आजीनं तिला अजून पाहिलीच नव्हती. आता पाय बरा झाला होता, पण सुरतेला सुनेनं अंथरूण धरलेलं. म्हणून पुंजारामदादा, नर्मदेचा थोरला भाऊ, आईला सुरतेला घेऊन चालला होता. रात्री त्याला गिरणीत पाळीवर हजर व्हायचं होतं, त्यामुळं मध्ये उतरणं नाही. गाडी पालघरला दोन मिनिटं थांबणार, तेवढ्यात खिडकीतून काय ती भेट. मग पुन्हा आई केव्हा येईल? तोवर उषा चालायलासुद्धा लागली असेल.

"अहो, सकाळची एस्टी आहे की," नर्मदा हळूच म्हणाली.

"एस्टी? दारात मोटार असताना जावयानं एस्टीनं जायचं? सासूबाई काय म्हणतील!"

"त्या गाडीत असतील. त्यांना काय दिसणार आहे?"

"म्हणून तर भोंगा आहे!" भगवंत म्हणाला.

तसं त्यानं काम मात्र मनापासून केलं होतं. महादू लोहाराकडून दोन जाडजूड नव्या पिना करून आणल्या, जुन्या काढल्या, दार उतरवून भिंतीला टेकवलं. "आता मागं फिरणं नाही!" असं म्हणत जुन्या पिना त्यानं विहिरीत भिरकावल्या. डुबुक, डुबुक! "उद्या सकाळी दोन ठोके, की झालं!"

उद्या सकाळी खंडेनवमी होती.

चाळीतली निम्मी बिऱ्हाडं घाटावरची, कारखान्यात नाहीतर वीजकेंद्रावर कामाला. त्यामुळं खंडेनवमीची पूजा सगळ्यांची मिळून, रत्नाबाईंच्या ओट्यावर. रत्नाबाई म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या शिवाजी सुताराची आई. चाळीतलं धर्मखातं त्यांच्याकडं होतं. पहाटेच त्यांनी हाक दिली, "पोरींनो, घरातलं लोखंड आणा गं! काही ठेवू नका मागं! ज्याच्यावर पोट चालतं, त्याला आज आराम!"

भगवंत विहिरीवर मोटार धूत होता. नर्मदेला आज काही म्हणजे काही चुकवायचं नव्हतं. आई भेटायची आहे, देवाची नाराजी कशाला ओढवून घ्या! तिनं विळी घेतली, अडकित्ता घेतला, कात्री घेतली. नवऱ्याची हातोडी, पक्कड, पाने, सगळं सुपात भरलं. फळीवर दोन नव्या लोखंडी कांड्या चकाकत होत्या. त्याही घेतल्या. इतक्या सुंदर होत्या की रत्नाबाईंनी त्यांना मधोमध मानाची जागा दिली. हळद लागली, कुंकू लागलं, वर झेंडूचं एकेक फूल बसलं.

थोड्या वेळानं भगवंत शीळ घालत आला. फळीकडं पाहिलं. शीळ थांबली.

"नर्मदे, पिना कुठायत?"

नर्मदेनं हातातला दुधाचा वाडगा खाली ठेवला. "त्या... त्या पिना होत्या?"

दोघं ओट्यावर धावली. रत्नाबाई पूजेपुढं पहाऱ्याला बसल्या होत्या.

"मावशी, त्या मधल्या दोन पिना द्या. आणि ती हातोडी," भगवंत म्हणाला.

"हळद-कुंकू लागलंय त्यांना."

"पुसून घेतो!"

"पुसून?" रत्नाबाईंनी असे डोळे वटारले की भगवंतानं पुढं केलेला हात खिशात घातला. "पूजेला बसलेलं आज उठवायचं नसतं भगवंता! मागल्या नवमीला आमच्या शिवाजीनं करवत उचलली. संध्याकाळी अंगठा सुजून हा भोपळा!"

"पण मावशी, त्याला विंचू चावला होता."

"आणि विंचवाला कुणी धाडलं?"

भगवंत तसाच महादू लोहाराकडं पळाला. महादूचा भाता गार पडला होता, ऐरणीच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि महादू स्वतः बाजेवर पडला होता.

"आज नाय, भाऊ," तो कूससुद्धा न बदलता म्हणाला. "आज ऐरन देव हाय. तिच्यावर घन कोन मारंल? उद्या या. येताना आपट्याचं सोनं आना."

भगवंत परत आला, तेव्हा सकाळची एस्टी धूळ उडवत चाळीवरून निघून गेली.

नर्मदा उंबऱ्यावर मटकन बसली. मोटार पुढ्यात उभी, दार भिंतीला टेकलेलं. गालफड काढलेल्या माणसासारखी दिसत होती ती मोटार. चूक आपलीच, हे तिला माहीत होतं. त्यामुळं नवऱ्यावर धड चिडताही येईना! उषा मात्र मांडीवर पडून तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती, खुदुखुदु हसत होती. हे हसणं आईला दिसायचं नाही? आज दिसायचं नाही?

"बिनदाराचं जाऊ," भगवंत म्हणाला.

"आणि लेकरू उडून पडलं म्हणजे?"

बोलता बोलता तिची नजर खुंटीवरच्या पिशवीकडं गेली. पिशवीत उषासाठी विणायला घेतलेलं लोकरीचं झबलं होतं. लेकीचा डोळा लागला की चार टाके, भात उकळेस्तोवर दोन टाके, असं करत करत बाह्यांपर्यंत आणलेलं. तिनं झबलं बाहेर काढलं. एकदा गालाला लावलं. आणि दोन्ही सुया सर्रकन ओढून काढल्या! टाके भराभरा सुटले, मोकळे झाले.

"ह्या बसतील?"

भगवंत सुयांकडं पाहत राहिला, मग झबल्याकडं. एरवी तो लगेच 'असं बसेल' म्हणाला असता. ह्या वेळी त्यानं दोन्ही हातांनी जपून सुया घेतल्या.

सुया बारीक होत्या, म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळल्या. ठोकायला हातोडी नाही. नर्मदेनं आतून वरवंटा आणला. तेवढ्यात रत्नाबाई कमरेवर हात ठेवून हजर!

"काय चाललंय?"

"वरवंटा दगडाचा आहे मावशी," नर्मदा घाईघाईनं म्हणाली.

"ते दिसतंय. त्या सुया कशाच्या?"

"ॲल्युमिनियमच्या."

रत्नाबाईंनी एका सुईवर नख वाजवून पाहिलं. "अल्युमिनाबद्दल माझ्या सासूनं काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांनी दार खालून धरलं. "मार रे भगवंता! बोट सांभाळ!"

दार बसलं! लावलं तर टिचकीला नाही, पण एका चापटीला खट् झालं! भगवंताची छाती पुन्हा फुगली. "बघितलंस? असं—"

"बोलू नका!" नर्मदा ओरडली. "चला!"

चाळीतल्या सगळ्यांनी ढकलून मोटार चालू केली. पालघरचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला. पहिल्या खड्ड्याला दारानं फक्त हुंकार दिला. दुसऱ्याला ते बोटभर खाली आलं. नंतर मात्र प्रत्येक आचक्याला थोडं थोडं खचत ते चौकटीत असं रुतत गेलं, जसा जाडजूड पाहुणा आरामखुर्चीत! नर्मदा उषाला पोटाशी धरून बसली होती. तिला वाटलं, बरं झालं, घट्ट बसतंय.

घट्टच बसलं होतं. स्टेशनच्या कुंपणापाशी मोटार थांबली, गाडी धडधडत फलाटात शिरली, नर्मदेनं दाराची मूठ फिरवली आणि दार ढिम्म!

"अहो, उघडत नाही!"

"रेट!"

"रेटतेय!"

भगवंतानं तिच्या अंगावरून वाकून खांदा लावला. ढिम्म! काच अर्ध्यावर अडकलेली, तिच्यातून फार तर हात बाहेर जाईल! पलीकडचं दार तर वेल्डिंगनं बंद. दोघं आणि लेकरू, डब्यात लोणचं भरावं तशी आत बंद!

"भोंगा!" नर्मदा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "अहो, भोंगा तरी वाजवा!"

भगवंतानं भोंगा असा दाबला की सगळं स्टेशन दचकलं. डब्याच्या खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं. नर्मदेनं उषाला काचेपुढं उंच धरलं. "आई! ही बघ! ही बघ गं!"

"बाहेर ये की!" रखमाबाई खिडकीतून ओरडली.

"येता येत नाही!"

"काय?"

"दार!"

रखमाबाईनं क्षणभर पाहिलं. काचेमागं वर्षभर न पाहिलेली लेक रडतेय, कधीच न पाहिलेली नात हसतेय. ती उठली. "आई, कुठं चाललीस?" असं पुंजाराम म्हणेस्तोवर ती फलाटावर उतरलीसुद्धा, कुंपणाच्या फटीतून बाहेर आली आणि मोटारीच्या दाराला भिडली. शिरगावची एक म्हावरंवाली माशांची टोपली घेऊन चालली होती. तिनं टोपली खाली ठेवली. "थांब बाय, मी पन वडते! काय लगीन लागलंय का त्या दाराचं!"

दोघींनी मिळून हिसका दिला.

कड्! कड्! दोन्ही सुया मोडल्या, दार चौकटीतून सुटलं. म्हावरंवाली चटकन बाजूला झाली आणि अख्खं दार रखमाबाईच्या कवेत आलं!

"आई!" नर्मदा उषाला घेऊन बाहेर झेपावली. उषा आजीकडं पाहून हात नाचवत होती. "घे ना गं! घे हिला!"

रखमाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण डोळे पुसायला हात नव्हता, नातीला घ्यायला हात नव्हता.

"जावईबापू," ती हुंदका आवरत म्हणाली, "हे कुठं ठेवू हो?"

तेवढ्यात शिट्टी झाली. पुंजाराम खिडकीतून ओरडला, "आई, गाडी! अगं गाडी!" आणि गाडी आजीला न घेताच सुरतेच्या दिशेनं सरकायला लागली. रखमाबाईनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिनं धाडकन दार जमिनीवर टाकलं आणि उषाला छातीशी घेतलं.

"अहो, आई राहिली!" नर्मदा म्हणाली. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. "आई राहिली!"

भगवंत बिनदाराच्या मोटारीतून हळूच उतरला. धुळीत पडलेल्या दाराकडं त्यानं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं, मग डोकं खाजवत म्हणाला,

"पण उघडलं की नाही शेवटी?"