डोंगर बघायला आला

हिमधवल राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल, तर आधी तिथला डोंगर घरी येऊन माणसं बघून जातो. पसंत पडली तर परवाना, नाही तर नाही.

सांगलीच्या कुमुदिनी आचवलांना शाळेपासून बर्फाचा डोंगर बघायचा होता. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांची शिक्षणं, आणि आता गुडघे कुरकुरायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्या ओळखून होत्या. म्हणून रविवारी त्यांनी पोहे केले, वर खोबरं सढळ हाताने घातलं आणि त्या ठेवणीतली साडी नेसल्या.

डोंगर वेळेवर आला. सोबत मध्यस्थ म्हणून पाटसकर होते. डोंगर दिवाणावर नीट मावला. पंखा लागू नये म्हणून शिखर तेवढं वाकवलं. शिखरातून पाणी ठिबकत होतं, तिथे कुमुदिनीबाईंनी परात ठेवली.

"गाण्याची आवड?" पाटसकरांनी विचारलं.

"आहे."

"वर येऊन मोठ्याने लावणार नाही ना?"

"छे हो, फार सोशिक आहे ही," त्यांचे यजमान वासुदेवराव मध्येच म्हणाले.

"जरा चालून दाखवता?"

लग्नाआधी वासुदेवरावांच्या मावशीनेही असंच चालायला लावलं होतं. कुमुदिनीबाई स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आल्या. परतताना गुडघा वाजला. डोंगराने पाटसकरांकडे पाहिलं.

"तसं सगळं छान आहे," पाटसकर म्हणाले. "घरी विचार करून कळवतो."

या उत्तराचा अर्थ न कळण्याइतक्या त्या लहान नव्हत्या. त्यांना राग आला, चांगलाच आला.

"आता यांना चालून दाखवायला सांगा."

"अहो, डोंगराला असं कुणी सांगत नाही."

"आमच्याकडे सांगतात."

डोंगराने वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवरावांनी बशीत पाहिलं. शेवटी डोंगर उठला आणि गॅलरीपर्यंत जाऊन आला. दोन फरशा तडकल्या. चाल डावीकडे जरा फेंगडी होती.

"पोहे घ्या अजून," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आम्ही कळवतो."

तेव्हापासून डोंगर खाली पार्किंगमध्ये निरोपाची वाट बघत उभा आहे. पाहुण्यांनी जागा अडवू नये, अशी सोसायटीने नोटीस लावली आहे. कुमुदिनीबाई रोज सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसतात आणि शिखरावर ऊन येऊन स्थिरावेपर्यंत उठत नाहीत.

पाटसकरांचा फोन येतो.

"अजून विचार चाललाय तिचा," वासुदेवराव सांगतात.