पंचानं पाणी पिऊ नये

आमच्या देऊळघाटातल्या सुखदेवभाऊंनी कॉम्प्युटरच्या खेळातला एक धडधाकट गडी उपाशी मारला. लढाईत नव्हे, तत्त्वापायी. खेळातल्या एका म्हातारीनं त्याला भाकर देऊ केली, ती भाऊंनी नाकारली. तिच्या शेजाऱ्यानं दूध दिलं, तेही नाकारलं. गड्याची ताकद दाखवणारी लाल पट्टी संपत आली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी म्हटलं, भाऊ, खाऊ द्या त्याले, मरते तो. भाऊ शांतपणे म्हणाले,

"या दोघाइचा वाद आपल्यापुढं हाय नं बे? मंग निकाल लागेपर्यंत पंचानं पक्षकाराच्या घरचं पाणी बी पिऊ नये."

गडी कोसळला. भाऊंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, गेला, पण इमानानं गेला.

भाऊ बरीच वर्षं गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. आता पद नाही, पण गाव अजून अध्यक्षच म्हणतं. माझं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत मी खेळ खेळतो. माझ्या वयाला हे शोभत नाही असं बायकोचं मत आहे आणि ते ती पाहुण्यांसमोरही सांगते. खेळ गोष्टीचा आहे. त्यात राजे, जंगलं, गावं, आणि पावलोपावली कोणीतरी अडवून विचारतं, आता काय करायचं? चोराला सोडायचं की शिपायाच्या हवाली करायचं? जे निवडाल तशी पुढची गोष्ट. भाऊ एकदा बीपीच्या गोळ्या न्यायला आले, पडद्यावर दोन माणसं भांडताना दिसली, आणि जयभीम घालून स्टूल ओढून बसले. तेव्हापासून माऊस त्यांच्या हातात. खेळ इंग्रजीत म्हणून मी फक्त दुभाषा. खेळ माझा, वीजबिल माझं, आणि मला माझ्याच खोलीत विचारून बोलावं लागतं.

खेळणारे सगळे लोकांच्या घरात घुसून पेट्या उघडतात, त्याशिवाय पुढं जाताच येत नाही. भाऊ बाहेर उभे राहतात. मालक 'या' म्हणेल याची वाट पाहतात. तो मालक म्हणजे चित्र, तो कधीच काही म्हणत नाही, आणि आमची दुपार अंगणात जाते.

एकदा निवड करायला वेळ बांधून दिलेला होता. पट्टी सरकत गेली, भाऊ अजून दुसऱ्या बाजूचा साक्षीदार शोधत होते, तोवर गाव जळून गेलं. मग त्यांनी मला कंपनीला फोन लावायला सांगितलं. इतक्या घाईनं कोणी निकाल मागते काय, असं त्यांना विचारायचं होतं. आणखी एक तक्रार होती, 'आपसात मिटवा' असं बटण काऊन नाही?

चोराचा खटला तर त्यांनी चहाच्या टपरीवर नेला. पोरीच्या औषधासाठी धान्य चोरणारा माणूस, असं सांगितलं, खेळातला आहे हे सांगायचं राहिलं. टपरीवर दोन तट पडले. एकानं तर त्या चोराला ओळखलंही, मोताळ्याकडचाच आहे म्हणाला, बापही तसाच होता.

आमचं खरं वाजलं ते मागं जाण्यावरून. निर्णय अंगाशी आला की मी जुनी जागा उघडतो, जिथं खेळ साठवून ठेवलेला असतो, आणि दुसरा पर्याय दाबतो. सगळेच करतात. भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी औषधात भेसळ करताना सापडलो. "पस्तावा आला की निकाल खोडून टाकतं तू? मंग निकाल कायले म्हणतं त्याले?"

हे बोलायचा त्यांना हक्क होता, कारण भाऊंनी एक निकाल खरोखर दिला होता आणि तो अख्ख्या गावाला माहीत होता. त्यांचा धाकटा भाऊ मनोहर, त्यानं वखरता वखरता धुरा, म्हणजे वावरांमधला बांध, शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलला. तंटा समितीपुढं आला. भाऊंनी सख्ख्या भावाविरुद्ध निकाल दिला, आणि चौकशी होईपर्यंत त्याच्या घरी पाणीही प्यायले नाहीत. गावानं वाहवा केली. मनोहरनं वावर बटाईनं दिलं आणि तो बायकोच्या माहेरी, साखरखेर्ड्याला निघून गेला. दोघं भाऊ त्यानंतर बोललेले नाहीत. भाऊ हा विषय काढत नाहीत, आणि दुसऱ्यानं काढला तर त्यांना एकदम गोळ्यांची वेळ आठवते.

परवा खेळात एक पूलवाला आला. पलीकडच्या उपाशी माणसांना त्यानं गावाच्या मनाईविरुद्ध पूल ओलांडू दिला होता, आणि त्यांच्यासोबत चोरही शिरले. भाऊंनी सगळ्यांचं ऐकलं, चार दुपारी घेतल्या, आणि निकाल दिला, गाव सोड. नियमानं बरोबर होतं. पुढं गेलो. पण भाऊ रोज माऊस फिरवत त्या पुलापाशी परत जायला लागले. खोपी रिकामी, दारात त्याचं कुत्रं बसलेलं. भाऊ कुत्र्याकडं पाहत बसत. मी पुढं चला म्हटलं की हो म्हणत आणि हलत नसत.

काल म्हणाले, "संजू, मांगं नेता येते नं तुले? ने."

मला आनंद झाला, म्हातारा वाकला एकदाचा. जुनी जागा उघडली. आणि भाऊंनी पुन्हा तोच निकाल दिला. गाव सोड.

मी वैतागलो. म्हटलं, भाऊ, मंग मांगं आलो कायले? ते थांब म्हणाले. पूलवाला गाठोडं उचलून निघाला, आणि भाऊंनी आपला गडी त्याच्या बाजूनं चालवायला सुरुवात केली. तसं करता येतं हे मलाही ठाऊक नव्हतं. शिवेपर्यंत दोघं चालले. बोलायला तिथं काही पर्याय नव्हता, नुसते चालले. कुत्रं मागोमाग गेलं.

भाऊंनी माऊस सोडला.

"निकाल बरोबरच होता बे. मनोहरचा बी बरोबरच होता. पन तो टेम्पोत सामान भरून राह्यला होता आन् मी घरात बसून होतो, पंच म्हनून. भाऊ म्हनून उठाले पायजे होतं मी."

मी उगाच खेळ साठवून ठेवला.

आज सकाळी दुकान उघडत होतो तर भाऊ धुतलेल्या शर्टात स्टॉपवर उभे. साखरखेर्ड्याले चाललो म्हणाले. मी विचारलं, मनोहरदादा नाही बोलले तर?

"नाई बोलला तं नाई बोलला. पानी तं देईन नं तो? निकाल लागून गेला, आता प्याले हरकत नाई."

बस आली. पायरीवर चढता चढता त्यांनी पिशवीतली भरलेली बाटली काढून माझ्या हातात दिली.

"हे ठेव तुह्याजवळ. तिथवर तहान लागू दे."